पावसाळी वनविहार : दोर गावाच्या हाती हवा

(सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका तालुक्यात पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्या संयुक्त शिबिरात दिलेले व्याख्यान)



आपल्या भागात लहानाचे मोठे झालेल्या प्रत्येकाने एक दृश्य पाहिलेले आहे. श्रावणातली दुपार असते. ओढ्याला पूर आलेला असतो आणि फरशीवरून लाल पाणी वाहत असते. एसटी येते आणि अलीकडेच उभी राहते. गाडीतील कोणी म्हणतो, ‘‘पाणी गुडघ्याएवढेच आहे, काढा गाडी.’’ कोणाला न्यायालयाची तारीख गाठायची असते, कोणाला लग्नघरी पोहोचायचे असते. चालक मात्र इंजिन बंद करतो, तंबाखू मळतो आणि पाणी उतरण्याची वाट पाहतो. उतारू त्याला नावे ठेवतात. पण मनातून सर्वांना ठाऊक असते की त्याचेच बरोबर आहे.

हा चालक ‘नाही’ म्हणू शकतो याची दोन कारणे आहेत. एक, पाण्यात गाडी घालू नये असा नियम त्याच्या पाठीशी उभा असतो. दोन, त्याचा पगार पलीकडे नेलेल्या उतारूंच्या संख्येवर ठरत नाही. ही दोन कारणे आपण लक्षात ठेवावीत अशी माझी विनंती आहे. आजच्या विषयाचे सार त्यांतच आहे.

गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात आपल्या डोंगरांत निराळीच वर्दळ सुरू झाली आहे. शहरांतील तरुण मंडळी भर पावसात रानवाटा तुडवावयास येतात. त्यांना धबधबे पाहावयाचे असतात, झाडावर बांधलेल्या घरात रात्र काढावयाची असते आणि दरीवर ताणलेल्या पोलादी तारेवरून कप्पीच्या साहाय्याने पलीकडे जावयाचे असते. या शेवटच्या प्रकाराला सर्वत्र झिपलाइन असेच म्हणतात. अशा प्रकल्पांचे प्रस्ताव आता ग्रामपंचायतींपुढेही येऊ लागले आहेत. त्यांतून रोजगार मिळेल ही आशा खोटी नाही. परंतु प्रस्तावाच्या कागदावर एक प्रश्न सहसा लिहिलेला नसतो. फरशीवर पाणी आले की गाडी थांबवणार कोण?

लाओसच्या अरण्यातील एक प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आग्नेय आशियातील एका प्रयोगाचा उपयोग झाला. लाओस हा देश आपल्यापासून दूर असला, तरी त्याच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलूख आपल्याला अगदीच परका वाटत नाही. तेथेही मे ते ऑक्टोबरपर्यंत नैऋत्य मोसमी पाऊस कोसळतो. तेथेही डोंगरउतारावर भाताची शेती होते. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, दोनचार वर्षे पीक घेऊन पुढे सरकण्याची पद्धत होती. आपल्याकडे तिलाच कुमरी म्हणत.

मेकाँग नदीच्या काठी, थायलंडच्या सीमेवर, हुए साई नावाचे गाव आहे. बोकिओ प्रांताचे ते मुख्य ठिकाण. तेथून काही तासांच्या अंतरावर नाम कान हे राष्ट्रीय उद्यान असून त्याचा विस्तार हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्याच्या आसपास ह्मोंग, ख्मू, लामेत इत्यादी जमातींची गावे आहेत. लाकूडतोड आणि शिकार यांमुळे हे अरण्य झपाट्याने विरळ होत होते. काळ्या तुऱ्याचा गिबन हा शेपूट नसलेला वानर या भागातून नाहीसा झाला असावा, असेही मानले जात होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो अजून तेथे असल्याचे आढळून आले. जगभर या गिबनची गणना आज अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत होते. चीनचा युन्नान प्रांत, व्हिएतनाम आणि लाओस एवढ्याच प्रदेशात तो उरला आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात त्या अरण्यात एक उपक्रम सुरू झाला. उंच वृक्षांवर, जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंचीवर, लाकडी घरे बांधण्यात आली. दऱ्यांवरून पोलादी तारा ताणण्यात आल्या. त्यांपैकी काही अर्ध्या किलोमीटरच्या घरात जातात. प्रवाशाने अरण्यातून चालत जावयाचे, तारेवरून दरी ओलांडून झाडावरच्या घरात उतरावयाचे, रात्र तेथे काढावयाची आणि पहाटे गिबनांचे गाणे ऐकावयाचे, अशी योजना. वाटाडे, स्वयंपाकी, सुतार आणि वनरक्षक हे आसपासच्या गावांतील लोक. ज्यांना रानातील प्रत्येक पाऊलवाट शिकारीमुळे ठाऊक होती, त्यांतील काहींनी राखणीचे काम पत्करले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दोरावरून दरी ओलांडणे ही काही नवी करमणूक नव्हे. हिमालयातील डोंगरी नद्यांवरून लोक पिढ्यान् पिढ्या दोराला टांगलेल्या पाळण्यातून जात आले आहेत. मध्य अमेरिकेतील कोस्टारिकाच्या वर्षावनात १९७० च्या दशकात जीवशास्त्रज्ञांनी झाडांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टी पाहता यावी म्हणून दोरांचा उपयोग केला. पुढे त्यातूनच पर्यटनाचा हा प्रकार जगभर पसरला. म्हणजे दोराचा मूळ हेतू गरज आणि ज्ञान हा होता, करमणूक त्याला नंतर येऊन मिळाली.

पावसातील दोन तास

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मला त्या अरण्यात जाण्याचा योग आला. कोरड्या ऋतूत गाडी ज्या गावापर्यंत जाते, तेथवर पावसाळ्यात ती पोहोचतेच असे नाही. चिखलाचा रस्ता चाके धरून ठेवतो, आणि मग उरलेली वाट पायी चालावी लागते. आम्हीही चाललो. बांबूची बेटे, रानकेळी, गुडघाभर पाण्याचे ओहोळ आणि पायांना चिकटणाऱ्या जळवा. मोज्यांना मीठ आणि तंबाखूचे पाणी लावण्याची आपल्याकडील युक्ती तेथेही चालते हे पाहून गंमत वाटली.

दुपारी आम्ही दरीच्या काठावर स्वयंपाकासाठी बांधलेल्या छपराशी पोहोचलो. पलीकडच्या झाडावरील आमचे घर समोर दिसत होते. मध्ये दरी आणि एकच तार. तेवढ्यात आभाळ भरून आले आणि डोंगरामागे गडगडाट झाला. आमचा वाटाड्या पंचविशीतला तरुण होता. त्याने सर्वांचे कमरपट्टे तपासून ठेवले होते. आता त्याने ते सोडवून ठेवावयास सांगितले आणि चुलीवर पाणी चढवले. दोन तास आम्ही तेथे बसून राहिलो. आमच्यातील एका प्रवाशाने पैसे भरल्याची आठवण करून दिली. घर समोर दिसते आहे, मिनिटभराचे काम आहे, असेही सांगून पाहिले. तरुण हसला, मान हलवली आणि त्याच्या पेल्यात चहा ओतला.

वीज थांबल्यावर अर्धा तास त्याने आणखी जाऊ दिला. मग तो एकटा तारेवरून पलीकडे गेला, परत आला आणि मगच एकेकाला सोडू लागला. ओली तार निसरडी असते. कप्पी तिच्यावरून नेहमीपेक्षा वेगाने धावते आणि हाताने दाबावयाचा रबरी अडसर नीट धरत नाही. म्हणून त्याने प्रत्येकाला वेग आधीपासूनच कमी ठेवण्यास बजावले.

रात्री दुभाष्याच्या मदतीने मी त्याला विचारले, ‘‘पाहुणे रागावले तर तुझे नुकसान होत नाही का?’’ तो म्हणाला, ‘‘आजचा रोज मला मिळणारच आहे.’’ थोड्या वेळाने त्याने आणखी एक सांगितले. तार बंद ठेवण्याचे त्याने ठरवले की शहरातील कचेरीलाही ती उघडता येत नाही.

मला आपल्या एसटीचा चालक आठवला. तोच नियमाचा आधार आणि तीच पगाराची शाश्वती. तारेची जाडी, कप्पीची बनावट, झाडाची उंची यांचा अभ्यास मी बराच केला होता. पण त्या प्रयोगाचे खरे मर्म मला त्या छपराखाली, चहाचा पेला हातात असताना समजले.

गिबन आणि शेकरू

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस नव्हता. पाऊस असला म्हणजे गिबन फारसे गात नाहीत. नर काळा, मादी पिवळसर. दोघांचे मिळून एक लांबत जाणारे गाणे असते. डोळे मिटून ऐकले तर दूरच्या डोंगरावर कोणी सनई सुरात लावीत असल्याचा भास होतो.

गिबन जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर हातांनी झोके घेत तो जातो. मादीला दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू होते. त्यामुळे एक मादी मारली गेली तर ती हानी लवकर भरून येत नाही. आणि दोन झाडांमध्ये रुंद मोकळी जागा पडली की पलीकडचे रान त्याला परके होते. आपल्या देशातही हुलॉक गिबन आहे. आसाममधील होलोंगापार येथे त्याच्यासाठी १९९७ मध्ये अभयारण्य घोषित झाले. रेल्वेमार्गामुळे ते अरण्य दुभंगले असून गिबनांची कुटुंबे दोन बाजूंना विभागली गेली आहेत.

आपण म्हणाल, आमच्या सह्याद्रीत गिबन नाही. खरे आहे. पण आमच्याकडे शेकरू आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून मान मिळालेली ही मोठी खार आयुष्याचा बहुतेक काळ झाडांच्या शेंड्यांवरच घालवते, आणि एकच शेकरू अनेक घरटी बांधून ठेवते. झाडावर घर बांधण्याची कला या डोंगरात प्रथम तिनेच साधली, असे म्हणावयास हरकत नाही. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः तिच्यासाठीच अस्तित्वात आले. तिलाही गिबनसारखीच सलग फांद्यांची वाट लागते. पाहुण्यांसाठी तार ओढताना मध्ये येणाऱ्या फांद्या सपासप तोडल्या, तर माणसाची वाट झाली आणि शेकरूची तुटली, असा उफराटा व्यवहार होईल. ज्या वनासाठी पाहुणे येतात ते वनच उणे करून त्यांचे स्वागत करण्यात शहाणपण नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा परिसरात काजवे पाहण्यासाठी होणारी गर्दी आपल्याला ठाऊक आहे. गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत पडले की काजव्यांच्या मीलनाचे संकेतच पुसले जातात. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर प्रकाशमान बुरशी उगवते. ती पाहण्याच्या हौसेने रात्री रान तुडवले, तर बुरशीही राहणार नाही आणि तिची कीर्तीही राहणार नाही.

आपल्याकडचे जुने शहाणपण

झाडावरील घर आपल्या शेतकऱ्याला मुळीच नवे नाही. नाचणी, वरी, भात यांची रानडुकरांपासून राखण करण्यासाठी शेताच्या कडेला माळा किंवा मचाण बांधण्याची रीत पुरातन आहे. हातात गोफण आणि पोटात चार भाकरीचे तुकडे घेऊन माळ्यावर रात्री काढलेली माणसे या सभेतही असतील. माळा कोणत्या झाडावर बांधावा, पोकळ झाड टकटक करून कसे ओळखावे, वाऱ्याची दिशा कशी पाहावी, हे ज्ञान कोठल्याही शहरी ठेकेदारापेक्षा त्यांच्यापाशी अधिक आहे.

तसाच आपला साकव. पावसाळ्यापूर्वी गावाने एकत्र येऊन श्रमदानाने ओढ्यावर लाकडी साकव घालावयाचा, आणि पाणी ठरावीक खुणेच्या वर चढले की कोणीही पलीकडे जावयाचे नाही, ही शिस्त. ती खूण कोणत्याही राजपत्रात छापलेली नसते. एखादा खडक, एखाद्या उंबराचे मूळ, एवढीच ती असते. पण ती सर्वांनी मिळून ठरवलेली असते, म्हणून पाळली जाते.

झिपलाइन हा नव्या काळचा साकवच आहे, अशा दृष्टीने आपण तिच्याकडे पाहावे. तिचीही खूण गावाने ठरवली पाहिजे.

विसरून चालणार नाही अशा तारखा

हे मी तळमळीने का सांगतो? काही तारखा आठवून पाहा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा बळी गेला. गाव गाडले गेल्याची वार्ता बाहेर आली ती त्या मार्गावरील एसटीच्या चालकामुळे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. मृत व बेपत्ता मिळून ८० हून अधिक माणसे गमावली. वाडीला गाडीरस्ता नव्हता; बचाव पथकांना रात्री पावसात डोंगर चढून जावे लागले. याच वाडीने गडावर जाणाऱ्या कितीतरी भटक्यांना पाणी आणि भाकरी दिली होती.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चौघांचा मृत्यू झाला.

पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. ते आवश्यकच आहेत. परंतु असा आदेश संपूर्ण परिसरासाठी आणि अनेक दिवसांसाठी असतो. ओढ्याला आज दुपारी तीन वाजता पाणी चढले आहे हे त्यात लिहिलेले नसते. ते पाहणारा डोळा गावात असतो. हवामान खात्याच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ मिलिमीटरपासून पुढे अतिजोरदार. हे आकडे महत्त्वाचे आहेत. पण घाटमाथ्यावर असा पाऊस आषाढात वारंवार पडतो, आणि एका खोऱ्यात कोसळणारी सर शेजारच्या खोऱ्यात नसते. म्हणून वरून येणारा इशारा आणि गावातली खूण या दोहोंची सांगड घालणे हाच मार्ग होय.

पंचायतीने काय करावे

आता प्रत्यक्ष सूचना मांडतो.

पहिली सूचना जागेची. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे; तेथे परवानगीवाचून प्रवेशही करता येत नाही. इतर वनजमिनीच्या वापरावर १९८० च्या वन अधिनियमाचे बंधन आहे. म्हणून आरंभ गावच्या शिवारातील मालकी जमिनीवर, छोट्या प्रमाणावर करावा. देवराईत तार ओढू नये. तेथील झाडांना पिढ्यांनी दिलेले अभय आपण मोडू नये. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथील ग्रामसभेला कलम ५ प्रमाणे वन व वन्यजीव यांच्या रक्षणाचा अधिकार आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये असे हक्क मिळवून ग्रामसभा वनाचा कारभार कसा करू शकते, याचा धडा घालून दिला आहे. साहसी पर्यटनासाठी राज्याचे २०२१ चे धोरण आहे. त्यानुसार नोंदणी झाल्याखेरीज एकाही पाहुण्याला तारेवर सोडू नये.

दुसरी सूचना झाडाची व तारेची. जिवंत झाडाच्या सालीवर तार थेट आवळली तर काही वर्षांत ती साल कापून झाडाचा गळा घोटते. तार व साल यांच्यामध्ये लाकडी ठोकळे असावेत आणि झाडाचा घेर वाढेल तशी दरवर्षी त्यांची मांडणी बदलावी. बुंध्यावर बुरशीच्या छत्र्या उगवल्या असतील, आतून पोकळ आवाज येत असेल, मुळाशी माती खचली असेल, तर ते झाड कितीही डौलदार असले तरी सोडून द्यावे. तारेतील एक धागा जरी तुटलेला वा गंजलेला दिसला तरी तिचा वापर थांबवून जाणकाराकडून तपासून घ्यावे. प्रत्येक पाहुण्याला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन जोडण्या असाव्यात आणि डोक्यावर हेल्मेट असावे. सकाळी पहिली फेरी वाटाड्याने स्वतः करावी. या तपासणीची वही रोज भरली जावी आणि ती ग्रामपंचायतीत कोणालाही पाहता यावी.

तिसरी सूचना पैशाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याचे पोट फेऱ्यांच्या संख्येवर आहे, त्याच्याकडून ‘आज बंद’ या शब्दांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या शुल्कातून काही भाग बाजूला काढून ‘बंद दिवसांचा निधी’ उभारावा. उदाहरणादाखल हिशेब पाहा. शुल्क १,००० रुपये धरले आणि त्यातून १०० रुपये निधीत टाकले. आठ वाटाडे आहेत, रोज ५०० रुपये. बंद दिवशी प्रत्येकाला अर्धा रोज द्यावयाचा म्हटला तर दिवसाला २,००० रुपये लागतील. पावसाळ्यात असे २० दिवस निघाले तर ४०,००० रुपये. म्हणजे वर्षभरात ४०० पाहुणे आले की निधी पुरा होतो. हा भार एखाद्या छोट्या प्रकल्पालाही पेलण्यासारखा आहे. ठेकेदाराशी करार होत असेल तर हे कलम करारात लिहून घ्यावे.

चौथी सूचना अधिकाराची. तार बंद ठेवण्याचा निर्णय त्या दिवशीच्या प्रमुख वाटाड्याचा असेल आणि तो फिरवण्याचा अधिकार मालक, सरपंच, अधिकारी वा कोणीही मान्यवर पाहुणा यांना असणार नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. मान्यवर पाहुणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या खात्यांतील आम्ही मंडळी दौऱ्यावर आलो म्हणजे गावाला ‘नाही’ म्हणणे जड जाते. तो जडपणा ठरावाने दूर करावा.

पाचवी सूचना संख्येची. किती पाहुणे घ्यावयाचे हे खाटांवरून ठरवू नये. गावच्या विहिरीचे पाणी, शौचालयांची सोय, कचरा उचलण्याची तयारी आणि अपघात झालाच तर डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेण्यास लागणारे मनुष्यबळ यांचा हिशेब करून आकडा ठरवावा, आणि तो फलकावर लिहावा.

शाळेचा वाटा

शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. शाळेच्या अंगणात एक साधे पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांनी पाऊस मोजून फळ्यावर लिहावा. शेजारी ओढ्याच्या पाण्याची उंचीही लिहावी. तीनचार पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की किती पाऊस पडल्यावर किती वेळाने आपला ओढा चढतो, याचे गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होईल. वाटाड्याला तार उघडताना त्या फळ्याचा आधार मिळेल. डोंगरउतारावर नव्या भेगा पडल्या, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे वा खांब कलले, तर घरी आणि शाळेत ताबडतोब सांगावे, हेही मुलांना शिकवा. या नोंदींचा उपयोग पाहुण्यांपेक्षा गावालाच अधिक आहे. दरड पाहुणा आणि गावकरी असा भेद करीत नाही. पाहुणा रविवारी परत जातो, गावकरी बाराही महिने त्या उताराखाली झोपतो.

मुलांनी शेकरूची घरटी मोजावीत, झाडांची नावे लिहावीत. हीच मुले उद्याची वाटाडी आहेत. पाहुण्याला हिरडा आणि बेहडा यांतील फरक सांगणारा वाटाड्या हा नुसता हमाल राहत नाही. त्याच्या शब्दाला वजन येते. आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याचाच ‘आज नाही’ पाहुणा मानतो.

समारोप

मित्रहो, लाओसचा प्रयोग जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. तेथील वनाचा विस्तार, वस्तीची विरळता आणि परदेशी प्रवाशांचा ओघ आपल्याकडे नाही. आपल्याकडे शहरे जवळ आहेत, सुटीच्या एका दिवशी हजारोंची गर्दी लोटते; म्हणून आपला धोकाही मोठा आहे. घ्यावयाची ती एकच गोष्ट. वन उभे राहिल्याने ज्याचे घर चालते तोच वनाची राखण करतो, आणि थांबल्याने ज्याची चूल विझत नाही तोच वेळेवर थांबू शकतो.

येत्या ग्रामसभेत झिपलाइनचा, वृक्षघराचा किंवा पावसाळी सहलीचा कोणताही प्रस्ताव आला, तर खर्च व उत्पन्नाचे रकाने वाचण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारावेत. तार बंद कोण करणार? आणि त्या दिवशी त्याच्या घरी काय शिजणार? या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर प्रस्तावावर पुढे विचार करावा. ती मिळाली नाहीत, तर एसटीच्या चालकाप्रमाणे गाडी फरशीच्या अलीकडेच उभी करावी. पाणी उतरल्यावर पुढे जाता येईल.